खडूच्या कड्यांखालून सायकल: थॅनेटच्या किनाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा किनारा नेमका कुठे आहे?

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात. मारगेट, ब्रॉडस्टेअर्स आणि रॅम्सगेट ही तीन गावं ज्या भूभागावर आहेत त्याला आजही आयल ऑफ थॅनेट म्हणतात. रोमन काळात ते खरंच बेट होतं. मधली वॉन्टसम नावाची खाडी गाळानं भरत गेली आणि तिथे आता सपाट पाणथळ शेती आहे. सायकलवाल्याच्या दृष्टीनं ही महत्त्वाची गोष्ट, कारण फेरीचा किनाऱ्याकडचा अर्धा भाग कड्यांचा आहे आणि आतला बराचसा या बुजलेल्या खाडीकाठचा.

कडे शुद्ध पांढऱ्या खडूचे आहेत. सुमारे आठ-साडेआठ कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शैवालांची कवचं साचत गेली, त्यांचा हा दगड. मध्ये मध्ये काळ्या गारगोटीच्या आडव्या ओळी दिसतात, त्यांचा पंक्चरशी थेट संबंध आहे. तो पुढे येईल. डोव्हरचे कडे शंभर मीटरच्या वर जातात, थॅनेटचे बहुतेक ठिकाणी पंधरा ते पंचवीस मीटर. फोटोत डोव्हर भारी दिसतं, पण सायकल चालवायला थॅनेट चांगलं. इथे कड्याच्या पायथ्याशी काँक्रीटचा बांध आहे, माथ्यावर वाट आहे आणि दोन्हींमध्ये चढ-उतर करता येते.

वाटेचं नाव काय, अंतर किती?

व्हायकिंग कोस्टल ट्रेल. २००१ मध्ये खुली झाली. पूर्ण वर्तुळ साधारण ५० किलोमीटरचं. ढोबळ टप्पे असे: रिकल्व्हर ते मिनिस बे सहा, मिनिस बे ते मारगेट आठ, मारगेट ते ब्रॉडस्टेअर्स किनाऱ्याने नऊ, ब्रॉडस्टेअर्स ते रॅम्सगेट चार, रॅम्सगेट ते क्लिफ्सएंड चार, आणि तिथून मिन्स्टर, सेंट निकोलस-ॲट-वेड अशा गावांमधून परत रिकल्व्हरला सतरा-अठरा.

खडूचा कडा मात्र पूर्ण ५० किलोमीटर सोबत नसतो. रिकल्व्हरच्या पश्चिमेचे कडे वाळूचे आणि मातीचे आहेत. पांढरा दगड बर्चिंग्टनजवळ सुरू होतो आणि पेगवेल उपसागराशी जमिनीखाली बुडतो. वेळ कमी असेल तर हेच घ्या: बर्चिंग्टन स्टेशनला उतरायचं, रॅम्सगेटला ट्रेन पकडायची. पंचवीस किलोमीटरच्या आत सगळा कडा बघून होतो.

वाट पूर्णपणे वाहनमुक्त आहे का?

नाही. किनाऱ्याचा बहुतांश भाग आहे, सगळी फेरी नाही. रिकल्व्हर ते मिनिस बे हा समुद्री बांध पूर्ण वाहनमुक्त. तिथून मारगेटपर्यंत मोठा भाग कड्याखालच्या काँक्रीटवरून जातो. मारगेटमध्ये समुद्रासमोरचा गजबजलेला रस्ता थोडा वेळ सोबत असतो. क्लिफ्टनव्हिलला पुन्हा सुटका: खाली वॉलपोल बेच्या बाजूची वाट किंवा वर हिरवळीच्या कडेची वाट, दोन्ही चालतात.

खरी गैरसोय किंग्जगेट ते ब्रॉडस्टेअर्स या पट्ट्यात. इथे नॉर्थ फोरलंडच्या दीपगृहावरून जाणारा वाहता रस्ता आहे, त्याला वळणं आहेत आणि उन्हाळी शनिवार-रविवारी जॉस बेच्या पार्किंगसाठी गाड्या रांगेत असतात. अंतर थोडंच, पण लहान मुलं सोबत असतील तर सायकली हातात धरून पदपथावरून चाला. फेरीचा आतला भाग गावरस्त्यांचा आहे: गाड्या तुरळक, पण रस्ता अरुंद आणि कडेला उंच झुडपांचं कुंपण. वळणावर समोरून ट्रॅक्टर येऊ शकतो असं धरूनच चालवा.

उन्हाळ्यात गर्दीच्या पुळणींमागच्या पट्ट्यांवर सायकलवरून उतरण्याच्या पाट्या लागतात. त्या पाळा. तिथे बादल्या-फावडी घेतलेली मुलं न बघता आडवी येतात, पाटीचं कारण तेवढंच आहे.

कोणत्या दिशेनं जावं?

इथला नेहमीचा वारा नैऋत्येचा. म्हणून उत्तर किनारा पश्चिमेकडून पूर्वेकडे करावा: व्हिट्स्टेबल किंवा हर्न बे, मग रिकल्व्हर, मग मारगेट. वारा पाठीशी राहतो. उलट गेलात तर रिकल्व्हरच्या बांधावर सहा किलोमीटर तोंडावर वारा, आणि तिथे ना झाड ना भिंत. सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता हा हिशेब इथे चुकतो.

अपवाद ईशान्य वाऱ्याचा. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात तो काही दिवस ठाण मांडतो. थंड तर असतोच, शिवाय लाटा सरळ बांधावर आणतो. अंदाजात ईशान्येचा जोरदार वारा दिसला तर कड्याखालून जाण्याचा बेत रद्द करा आणि माथ्यावरून जा.

भरतीचा सायकलीशी काय संबंध?

ट्रेनच्या वेळापत्रकाआधी भरतीचं वेळापत्रक उघडा. उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, इथे पाणी चार मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं. शांत दिवशी भरतीतही बांध कोरडा राहतो. भरती आणि किनाऱ्याकडे येणारा वारा एकत्र आले की लाट बांधावरून आत पडते. पाण्यासोबत वाळू, शेवाळ, मुठीएवढ्या गारगोट्या येतात. अशा लाटेनं माणूस पडतो, सायकल वाहून जाते.

कोकणातल्या लोकांना उधाण आणि भांग (लहान भरती) शिकवायला नको. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे इथेही तसंच. योगायोगानं वेळही मुंबईशी मिळतीजुळती आहे: पौर्णिमेची भरती मारगेटला दुपारी बाराच्या सुमारास येते, उन्हाळी वेळेनुसार एकच्या. म्हणजे सर्वात मोठं पाणी बरोबर जेवणाच्या वेळी. भांगाच्या दिवसांत भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. तिथीच्या पाऊणपटीनं भरतीची वेळ काढायचा हिशेब अंदाजापुरता ठेवा, निघताना छापील किंवा ऑनलाइन कोष्टकच बघा. एक चूक फार जण करतात: काही कोष्टकं ग्रिनिच वेळेत असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यात एक तास मिळवावा लागतो.

कड्याखालचा पट्टा भरतीच्या दोन तास आधी संपेल किंवा दोन तासांनंतर सुरू होईल असा बेत ठेवला की वाळूही रुंद दिसते आणि बांधही कोरडा मिळतो.

बांध सोडून वाळूवर उतरणार असाल तर वेगळी काळजी. बॉटनी बे आणि किंग्जगेट बे यांच्यामधल्या टोकाला वळसा घालून ओहोटीत चालत जाता येतं, पण पाणी फिरलं की ते टोक आधी बुडतं आणि मागे सरळसोट कडा उरतो. अडकलात तर कड्यावर चढू नका, खडू हातात येतो. ९९९ लावून कोस्टगार्ड मागा. सायकल सोडून द्यावी लागली तर सोडा.

कडे कोसळतात म्हणे. खाली थांबणं सुरक्षित आहे का?

कोसळतात, आणि पूर्वसूचना न देता. पावसाचं पाणी खडूच्या भेगांमध्ये शिरतं, थंडीत गोठून फुगतं, भेग रुंदावते. वितळलं की तुकडा सुटतो. त्यामुळे जास्त पडझड हिवाळ्यात आणि लांबलेल्या पावसानंतर होते. उन्हाळा पूर्ण निर्धोक असं मात्र नाही. थॅनेटच्या कड्यांचा बहुतेक पायथा बांधामुळे लाटांपासून वाचलेला आहे, पण बांध फक्त खालचं झिजणं थांबवतो, वरचं पाणी नाही.

नियम साधे आहेत. वाटेच्या समुद्राकडच्या बाजूनं चालवा. डबा खायला कड्याला टेकून बसू नका, वारा कितीही अडत असला तरी. पायथ्याशी ताजा, स्वच्छ पांढरा चुरा दिसला तर पडझड अलीकडची आहे, तिथून न थांबता पुढे जा. जुना ढीग करडा-हिरवट झालेला असतो. माथ्यावर कुंपणाच्या आत रहा, कारण गवताची कड बऱ्याचदा खालून पोखरलेली असते.

वाट बंद असल्याचा अडथळा दिसला तर तो उचलून आत घुसू नका. मागे फिरून जवळच्या गॅपनं वर या. गॅप म्हणजे कड्यात कापलेली उतरती वाट. शेतकरी खतासाठी समुद्रशेवाळ वर नेण्याकरता अशा वाटा कापत. वर पोचलात की बहुतेक ठिकाणी समांतर वाट किंवा शांत रस्ता मिळतो, फार तर दहा-पंधरा मिनिटं जातात.

कोणती सायकल, किती रुंद टायर, किती हवा?

३२ ते ४० मिलिमीटर टायरची हायब्रिड किंवा टूरिंग सायकल सर्वात योग्य. २८च्या टायरची रोड सायकल किनाऱ्यावर चालते, पण काँक्रीटच्या सांध्यांवर मनगटं दुखतात. घडीची सायकल चालेल. लहान चाक वाळूत लवकर रुततं एवढं लक्षात ठेवा. जाड गुंड्यांचे माउंटन टायर नकोत, काँक्रीटवर नुसता आवाज आणि श्रम.

३५ मिलिमीटर टायरमध्ये मध्यम वजनाच्या माणसानं, मागे एक-दोन बॅगा असताना, पुढे ४५ आणि मागे ५५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी. पूर्ण दगडासारखा टायर केला तर गारगोटीची धार त्यात सहज घुसते आणि वाळूवर पकडही राहत नाही.

चाक घसरण्याची तीन ठिकाणं ठरलेली. पहिलं, बांधावर वाऱ्यानं पसरलेली वाळू: तिच्यात वळू नका आणि पुढचा ब्रेक लावू नका, त्याआधीच वेग कमी करून सरळ पार व्हा. दुसरं, समुद्रात उतरणारे उतार. त्यांच्यावरचं हिरवं शेवाळ दिसायला पातळ असतं, पण उभं राहणंही अवघड. तिसरं, ओला खडू. माथ्यावरच्या मातीच्या वाटांवर पावसानंतर तो साबणासारखा होतो, मडगार्डमध्ये भरतो आणि सुकला की खरवडावा लागतो. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा हवी.

सोबत काय ठेवायचं?

दोन ट्यूब, पॅचचा डबा, तीन टायर लिव्हर, पंप, ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की, चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी). गारगोटीचं पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवा. कपची काचेसारखी बारीक असते, रबरात रुतून राहते आणि पाच मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते. एकाच जागी दोनदा पंक्चर होण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच. टायर चिरला असेल तर आतून जाड कागद किंवा टायर बूट (चिरेमागे लावायचा जाड तुकडा) लावून स्टेशन गाठता येतं.

दीड लिटर पाणी भरून निघा. रिकल्व्हर ते मिनिस बे मध्ये पाणी नाही, सावली नाही, दुकान नाही. पांढरा कडा आणि पाणी ऊन परतवतात, तेव्हा भारतीय त्वचा जळत नाही या भ्रमात राहू नका. जूनमध्येही पातळ वारा-जाकीट लागतं.

लंडनहून ट्रेननं सायकल नेता येते का?

येते, साउथईस्टर्न या रेल्वे कंपनीच्या गाड्यांत सायकलसाठी वेगळं तिकीट किंवा आरक्षण लागत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते दहाच्या दरम्यान लंडनमध्ये पोचणाऱ्या आणि दुपारी चार ते सातच्या दरम्यान लंडनहून सुटणाऱ्या गाड्यांत मात्र पूर्ण आकाराची सायकल चालत नाही. घडी केलेली सायकल कधीही चालते. सेंट पँक्रसहून जलद गाडीनं मारगेट सुमारे दीड तास, रॅम्सगेट त्याहून थोडं कमी. पश्चिमेकडून सुरुवात करायची तर व्हिक्टोरियाहून हर्न बे किंवा व्हिट्स्टेबल.

या किनाऱ्याची मोठी सोय म्हणजे जवळजवळ असलेली स्टेशनं: हर्न बे, बर्चिंग्टन, वेस्टगेट, मारगेट, ब्रॉडस्टेअर्स, डंपटन पार्क, रॅम्सगेट, आणि क्लिफ्सएंडजवळ २०२३ मध्ये सुरू झालेलं थॅनेट पार्कवे. पाय गळाले, चेन तुटली, पाऊस आला, तर अर्ध्या तासात तुम्ही फलाटावर. फक्त रिकल्व्हरला स्टेशन नाही.

सायकली मोजक्या मावतात. सहा जणांचा गट असेल तर एकाच डब्यात घुसू नका, दोन गाड्यांत विभागा.

ई-सायकल चालते का? हेल्मेट, परवाना?

मोटर २५० वॉटपर्यंत, मदत ताशी २५ किलोमीटरला तुटणारी आणि चालवणारा किमान चौदा वर्षांचा, तर परवाना, विमा काही लागत नाही. घरी किट बसवून इलेक्ट्रिक केलेली सायकल ट्रेनमध्ये घेतील असं गृहीत धरू नका, आधी नियम वाचा. हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा. वाहनं भारतासारखीच डावीकडून.

पायवाट आणि ब्रायडलवे (घोडेस्वारांनाही खुली वाट) यांतला फरक शिकून घ्या: पहिलीवर सायकल चालवायला परवानगी नाही, दुसरीवर आहे. इंग्लंडचा किनारी पदभ्रमण मार्ग बऱ्याच ठिकाणी याच वाटेवरून जातो, पण त्याची पाटी दिसली म्हणजे सायकलला मुभा आहे असं नाही.

मुलांना कोणता टप्पा झेपेल?

मिनिस बे ते रिकल्व्हर आणि परत. बारा किलोमीटर, चढ शून्य, गाडी एकही नाही, आणि समोर रिकल्व्हरच्या पडक्या चर्चचे दोन मनोरे कायम दिसत असल्यानं “अजून किती?” हा प्रश्न जरा कमी वेळा येतो. १८०९ मध्ये चर्च पाडलं, पण खलाशांची खूण म्हणून मनोरे राखले. त्याच्याही आधी इथे रोमन किल्ला होता. बांधाला समुद्राच्या बाजूनं कठडा नाही, तेव्हा नुकती सायकल शिकलेल्यांना आतल्या बाजूला ठेवा. आणि जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्यासोबत.

शाकाहारी माणसानं काय खावं?

चिप्स मिळतात सगळीकडे, पण काही दुकानांत त्या गाईच्या चरबीत तळतात. “तेल कुठलं?” हे विचारायचंच, उत्तर सरळ मिळतं. मासे खाणाऱ्यांची मजा आहे, विशेषतः व्हिट्स्टेबलला, जिथले कालव प्रसिद्ध आहेत. हिवाळ्यात पुळणीवरचे बरेच कॅफे बंद असतात आणि किनाऱ्यावरची काही स्वच्छतागृहंही. थेपले किंवा पोळी-भाजीची गुंडाळी सोबत असली की बेत कुणावर अवलंबून राहत नाही. समुद्रपक्षी हातातलं खाणं उचलतात, हा विनोद नाही.

कोणता महिना चांगला?

मे, जूनचा पूर्वार्ध, सप्टेंबर. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात चारच्या आधी सूर्य जातो. ऑगस्टमध्ये ब्रॉडस्टेअर्सला लोकसंगीताचा आठवडा असतो, तेव्हा गावातून सायकल काढणं अवघड. कडक उन्हाळ्यात काही उपसागरांमध्ये साचलेलं शेवाळ कुजतं आणि वास सहन होत नाही. तो सांडपाण्याचा वास नव्हे. वारा फिरला की जातो.

हिवाळ्यात या खडकांवर टर्नस्टोन हे छोटे पक्षी मोठ्या संख्येनं उतरतात. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडूच्या पठारावर सायकल नेऊ नये, याचं हे एक कारण. दुसरं, तिथे पडाल.

वाटेत थांबावं असं काय?

सगळ्या पाट्यांपाशी थांबलात तर घरी पोचणार नाही. बॉटनी बेचे सुटे पांढरे सुळके ओहोटीत बघा. नॉर्थ फोरलंडचं दीपगृह १९९८ मध्ये स्वयंचलित झालं. क्लिफ्सएंडला ह्यूगिन नावाचं व्हायकिंग जहाज उघड्यावर ठेवलंय: १९४९ मध्ये ५३ डॅनिश लोक ही प्रतिकृती डेन्मार्कहून घेऊन आले आणि ब्रॉडस्टेअर्सला उतरले. तिथल्या पुळणीला व्हायकिंग बे नाव मिळालं ते त्यानंतर. मारगेटचं टर्नर कंटेम्पररी हे कलादालन पाऊस आला तर उत्तम आसरा आहे, पण सायकलला चांगलं कुलूप लावा.

खडूच्या कड्याखाली आणखी कुठे सायकल चालवता येते?

ब्रायटन मरीनापासून सॉल्टडीनपर्यंतची अंडरक्लिफ वाट. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली, एका बाजूला सुमारे पाच किलोमीटर, कडे थॅनेटपेक्षा उंच. तिथे वेग कमी ठेवायचा आणि चालणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. दरड किंवा वादळामुळे ती अधूनमधून बंद होते. डोव्हरजवळ चॅनल बोगद्याच्या मातीपासून बनवलेला ‘सॅम्फायर हो’ नावाचा भूभाग आहे, कड्याच्या अगदी पायथ्याशी, पण तो छोटा फेरफटका आहे, सफर नव्हे. सेव्हन सिस्टर्स या खडूच्या कड्यांच्या माथ्यावरची प्रसिद्ध वाट ही पायवाट आहे, तिथे सायकल नाही. साउथ डाउन्स वे या लांब पल्ल्याच्या वाटेचा जेव्हिंग्टनवरून आतून जाणारा फाटा सायकलींसाठी खुला आहे.

परत आल्यावर सायकलचं काय करायचं?

त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. उद्यावर टाकलंत तर चेनवर तांबूस थर दिसेल. बादलीभर पाणी आणि मऊ ब्रश पुरे. जोराचा फवारा नको, तो बेअरिंगमध्ये मीठ ढकलतो. रिम ब्रेक असतील तर ब्रेकच्या रबरात रुतलेले वाळूचे कण टोकदार वस्तूनं काढा, नाहीतर ते रिम खरवडत राहतात. चेन पुसून पूर्ण सुकवा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. पेडल, सीटपोस्ट आणि कॅरिअरचे स्क्रूही पुसा. सीटपोस्ट वर्षातून दोनदा काढून ग्रीस लावला नाही, तर मिठानं ती फ्रेममध्ये अशी धरून बसते की दुकानात करवत लागते.